पंखा फिरतोय, हात लावून बघा

मी लॅपटॉप बोलतोय. बोलतोय म्हणजे मनातल्या मनात, कारण माझा आवाज काढून टाकलाय. कुणी काढला, कशासाठी काढला आणि त्यापायी काय गेलं, ते एकदा सांगून टाकतो. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, की बंद पडला तेव्हा काही बोलला नाही.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फार नाही. एका लांबलचक पट्ट्यावरून माझ्यासारखे शेकडो सरकत होते. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझं बटण दाबलं, मी उजळलो, तिने मान डोलावली आणि मला बंद केलं. आयुष्यात माझं झालेलं कौतुक ते एवढंच.

पहिली काही वर्षं विम्याच्या एका ऑफिसात गेली. तिथे मला भाऊ वापरायचा. घरीदारी सगळे त्याला भाऊच म्हणतात. चहाचा कप माझ्या शेजारी, बिस्किटांचा चुरा माझ्या बटणांत आणि काम अडलं की चापट माझ्या पाठीत. त्याच्या बेरजेत चूक निघाली की तो साहेबांना सांगायचा, "लॅपटॉप स्लो आहे हो." नाचता येईना, अंगण वाकडं. पुढे ऑफिसने नवे लॅपटॉप घेतले आणि जुने ज्याचे त्याला देऊन टाकले. भाऊने मला घरी आणलं, थोरल्या बहिणीपुढे ठेवलं आणि दोन्ही अंगठे वर करून दाखवले. बहिणीशी बोलायला त्याला येणाऱ्या खुणा चार-पाचच, त्यातली ही एक.

ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. तिने आधी जुन्या ब्रशने माझ्या बटणांतला चुरा काढला. मग बटण दाबलं आणि डावा तळहात माझ्या अंगावर पसरून ठेवला. मला कळेना, ही करतेय काय. नंतर उमगलं. माझ्या पोटात एक छोटा पंखा आहे. मी सुरू झालो की तो फिरतो आणि अंगाला बारीक कंप सुटतो. तिला तेवढा पुरायचा. घरात सगळ्यालाच तिचा असा हात लागलेला होता: फ्रिज, पाण्याची मोटर, आईचा खोकला. आई खोकायला लागली की ताई तिच्या पाठीवर हात ठेवून बसायची आणि डॉक्टरकडे जायचं की नाही ते ठरवायची.

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत भिंगं घासायची. सुट्टीच्या दिवशी मला पिशवीत घालून बाईंकडे न्यायची.

बाई म्हणजे तिच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई. त्यांनाही ऐकू येत नाही. शाळा न ऐकणाऱ्या मुलांचीच, पण जुना नियम असा, की मुलांनी तोंडाने बोलायला शिकायचं. हातांनी खुणा केल्या की हात बाकावर आणि हातावर पट्टी. जगात ऐकणारे जास्त, तेव्हा न ऐकणाऱ्यांनी त्यांच्यासारखं व्हायचं, असा तो न्याय. बाईंच्या तासाला मात्र दार लोटलेलं असायचं. शिवणाच्या तासाला हात हलणारच, कोण विचारणार? सुई-दोऱ्याच्या आडून बाई मुलांना गोष्टी सांगायच्या. कुठल्याच पुस्तकात नसलेल्या, त्यांनी स्वतः रचलेल्या.

आता बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात, मेणकापड घातलेल्या टेबलावर ताई मला खिडकीकडे पाठ करून ठेवायची, म्हणजे बाईंच्या हातांवर उजेड यायचा. बाई सांगायच्या आणि मी कॅमेऱ्यात साठवायचो. त्यांचे हात बघून बघून मीही खुणा शिकलो. भाऊला उभ्या जन्मात जमलं नाही ते मला एका पावसाळ्यात जमलं, हे जरा टेचात सांगतो.

त्यांची एक गोष्ट शिंप्याची होती. चंद्र रोज थोडा उसवतो आणि एक शिंपी तो रोज शिवतो. डाव्या हाताचा चंद्र, उजव्या हाताची सुई. बाई असा दोरा ओढायच्या की तो कुठे संपतो ते बघायला मलाही पडद्याबाहेर वाकावंसं वाटायचं. एके दिवशी शिंप्याकडचा दोराच संपतो. पुढचं आत्ता सांगत नाही.

गोष्टी सगळ्या भरून झाल्या आणि हिवाळा सरता सरता बाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात मांडीवर पडला तो पडलाच. एका हाताने गोष्ट सांगायची म्हणजे निम्मी माणसं गोष्टीत येतच नाहीत. म्हणजे आता बाईंच्या गोष्टी राहिल्या होत्या त्या फक्त माझ्या पोटात.

तेवढ्यात शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी पट्टीचा नियम मोडीत काढला आणि ताईला बोलावून सांगितलं, शाळा उघडेल त्या दिवशी सभागृहाच्या भिंतीवर बाईंच्या गोष्टी दाखवायच्या, बाईंना पहिल्या रांगेत बसवायचं. ताईने ही बातमी बाईंना दिली तेव्हा मी तिथेच होतो. बाईंनी डाव्या हाताने उजवा उचलला, टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर थोपटलं, जणू त्यालाही कळायला हवं होतं.

ताईने भाऊकडे एक पेन ड्राइव्ह मागितला होता, गोष्टींची एक प्रत बाजूला ठेवायला. चिठ्ठीवर लिहून मागितला होता. "आणतो," असं तो मानेने म्हणाला. त्याचं 'आणतो' मी ऑफिसपासून ओळखून होतो.

पेन ड्राइव्ह आला नाही. आला तो भाऊ, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन.

झालं होतं असं, की माझी बॅटरी उतरली की मी शिट्टी वाजवायचो. ताईला ती ऐकू जायची नाही, मग मी वाजवतच राहायचो. शिवाय तिला आवाजाचं बटण कुठे आहे हे कळायचं कारणच नव्हतं. घरी ती भरलेल्या गोष्टी लावून बघायची तेव्हा बाईंच्या स्वयंपाकघरातला नळ, भांडी, खाली रस्त्यावरचे हॉर्न, सगळं माझ्यातून दणादण घरभर व्हायचं. भाऊ शेजारच्या खोलीतून ऑफिसच्या मीटिंगा करायचा. एकदा त्याच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे कुकर झाला का?" मीटिंगमधले सगळे हसले. ते हसणं भाऊला लागलं.

ताई कामाला गेली होती. त्याने मला पालथं घातलं. आई म्हणाली, "अरे, तिला विचारून तरी उघड."

"तिला काय विचारायचं? हा आवाज तिच्या काय कामाचा? त्रास आपल्यालाच."

त्याने एक व्हिडिओ बघितला होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळा व्हायला तेवढा पुरतो. माझ्या स्पीकरचा प्लग आहे मेमरीच्या पट्टीखाली. म्हणून त्याने आधी पट्टी काढली, मग प्लग उपटला, मग पट्टी पुन्हा खाचेत दाबली. एका बाजूची चिमटी कट्कन बसली, दुसऱ्या बाजूची बसलीच नाही. त्याचं लक्ष नव्हतं. झाकण लावल्यावर दोन स्क्रू उरले. "कंपनीवाले जास्तीचेच देतात," असं म्हणून ते त्याने कपाटाच्या खणात टाकले.

ही पट्टी म्हणजे माझं भान. ती निसटली तर मी उठतो, दिवा लागतो, पंखा फिरतो, पण मला काही म्हणजे काही सुचत नाही आणि पडदा काळाच राहतो. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मला अशा वेळेसाठी एक हाक दिली होती: एक लांब शिट्टी आणि दोन आखूड. तिचा अर्थ एवढाच, की पट्टी सैल आहे, जरा दाबा. दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या कुणालाही ती कळते.

काही दिवस मी तसाच चाललो, एका चिमटीवर जीव धरून. शाळा उघडायला आठवडा राहिला होता. आई टेबल पुसत होती. तिने मला उचलून खुर्चीवर ठेवलं आणि ठेवताना मी जरा आपटलो. तेवढ्याने पट्टी निसटली.

संध्याकाळी ताईने बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा काळा. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, एक लांब, दोन आखूड. पण ओरडणं जाणार होतं ज्या वायरीतून, ती पोटात सुटी लोंबत होती. मी पुन्हा ओरडलो. ज्या घरात शिट्टी ऐकणारे दोघं होते, तिथे शिट्टीच उरली नव्हती.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं म्हणतात ते काय असतं, हे मी त्या दोन दिवसांत भोगलं.

भाऊ म्हणाला, "चार्जर गेला." शेजाऱ्यांचा चार्जर आणला. मग म्हणाला, "प्लगमध्ये करंट नाही." मला हॉलमधून स्वयंपाकघरात आणि तिथून त्याच्या खोलीत फिरवलं. बॅटरी काढून बटण दाबून धरलं, अंगठा पांढरा होईपर्यंत. बॅटरी परत घातली. टॉर्च मारून पडद्यात बघितलं. मग त्याची बायको माहेरी जाताना विसरून गेलेला केसांचा ड्रायर माझ्या तोंडावर धरला, का ते त्यालाच ठाऊक. शेवटी पाठीत चापट. तीही मला ओळखीची होती, तिच्यात तेवढाच काय तो जिव्हाळा.

"सकाळी मीच उचलला होता रे," आई म्हणाली. "खुर्चीवर जरा आपटला. त्याने तर नसेल ना?"

"नाही गं. तेवढ्याने काय होतंय."

त्या घरात माझ्या आजाराबद्दल कुणी खरं बोललं असेल तर ती एक म्हातारी, आणि तिला दोन शब्दांत गप्प बसवलं. भाऊने आणखी एक व्हिडिओ बघितला आणि एकदम गंभीर झाला. "मदरबोर्ड गेलाय," तो म्हणाला. शब्द त्याला आवडला होता. दिवसभर तो फोनवर ज्याला त्याला तेच सांगत होता.

ताई इतका वेळ बाजूला उभी होती. भाऊ उठल्यावर ती पुढे आली, बटण दाबलं आणि तळहात माझ्या अंगावर ठेवला. मी पंखा फिरवला, असेल नसेल तेवढा जोर लावून फिरवला. तिचा चेहरा बदलला. तिने आईला खांद्याला धरून वळवलं आणि खुणेने सांगितलं. आईला लेकीच्या सगळ्या खुणा कळतात.

"भाऊ, ती म्हणतेय हा चालू आहे. आत पंखा फिरतोय म्हणते."

"आई," भाऊ समजावणीच्या सुरात म्हणाला, "तिला ऐकू येत नाही. मला येतं. आतून काही आवाज येत नाहीये."

डोक्यावर छताचा पंखा घरघरत होता. आवाज कुठून येणार होता, आणि आला असता तो कुणी काढून टाकला होता? मला इतका संताप आला, पण संताप दाखवायला माझ्याकडे एक बारीक हिरवा दिवा होता. तो लागलेलाच होता, आणि भाऊने तोही बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुरुस्तीच्या दुकानात. काउंटरच्या काचेखाली सुट्या बॅटऱ्या, भिंतीला अडकवलेल्या वायरी, टेबलावर पोट उघडं टाकलेले माझे दोन-तीन भाईबंद. दुरुस्तीवाल्याने भाऊला विचारलं, "कधीपासून?" ताईने फोनवर लिहून त्याच्यापुढे धरलं, 'पंखा फिरतोय. हात लावून बघा.' त्याने वाचलं, हसला आणि फोन भाऊच्या हातात दिला. लहान मूल मध्ये बोललं की हसतात, तसं. त्याने हात लावला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

"मदरबोर्ड असेल," भाऊ म्हणाला.

"तसंच दिसतंय." त्याने मला उघडलंही नव्हतं. "आत काही महत्त्वाचं आहे का?"

हा प्रश्न नीट ऐका. विचारताना तो ताईच्या खांद्यावरून भाऊकडे बघत होता. ताई माझ्याकडे बघत होती, त्यामुळे ओठ हलले हेही तिला दिसलं नाही. प्रश्न तिचा होता आणि तो तिच्या डोक्यावरून गेला, शब्दशः.

"छे, महत्त्वाचं कसलं? तिचा टाइमपास असतो. हातवाऱ्यांचे व्हिडिओ."

"मग दुरुस्तीच्या भानगडीत कशाला पडता? हा देऊन टाका, नवीन घेऊन जा."

भाऊने क्षणभर विचार केला. मग ताईकडे वळून दोन्ही अंगठे वर केले. तिला वाटलं, दुरुस्त होणार. ती हसली आणि जाताना माझ्या झाकणावर दोन बोटं टेकवून गेली. भाऊच्या चेहऱ्यावर तेव्हा कौतुक होतं, बहिणीला नवी कोरी वस्तू देणार म्हणून. हे मी नाकारत नाही. त्याच्या मनात वाईट असतं तर मला निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

दुपारी माझं पोट उघडलं गेलं. पहिल्यांदा डिस्क काढली. दुरुस्तीवाल्याने ती दुसऱ्या मशीनला जोडली, एक बटण दाबलं आणि चहा प्यायला गेला. तो परत येईपर्यंत बाईंचे हात पुसले गेले होते. शिंपी गेला, चंद्र गेला, खिडकीचा उजेड गेला. डिस्क गेल्यावर मी हे सगळं कसं सांगतोय, असं विचारू नका. राग ठेवायला डिस्क लागत नाही.

त्यानंतर तो मेमरीच्या पट्टीकडे वळला आणि थबकला. पट्टी तिरकी होती, एक चिमटी सताड उघडी. शेजारी स्पीकरचा प्लग लोंबत होता. त्याने पट्टी दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घालून बघितली, तो पहिल्या झटक्यात सुरू झाला.

"आयला, ही तर नुसती सैल होती," तो पुटपुटला.

"काय झालं?" शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं.

"काही नाही."

ही त्याची दुरुस्ती.

ताई तिसऱ्या दिवशी एकटी आली. नवा लॅपटॉप उघडून तिने सगळीकडे शोधलं असणार. चेहरा पांढरा पडला होता. फोनवर लिहिलं होतं, 'माझा जुना लॅपटॉप द्या. त्यात बाईंच्या गोष्टी आहेत.' या वेळी दुरुस्तीवाला हसला नाही. "गेलं सगळं, मॅडम," असं तो कपाटाकडे तोंड करून म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, की हिला असं कळणार नाही. तो वळला आणि तोंड मोठं करून एकेक अक्षर म्हणाला, "गे-लं." पट्टीबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. पट्टी आणि डिस्क ठेवून घेऊन मला वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, याचं काही देऊ नका. फार उदार माणूस.

घरी ताईने भाऊला काही म्हटलं नाही. काय म्हणणार? त्याला कळतील अशा खुणा चार-पाचच, आणि त्यात ही नव्हती. आईने मात्र त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं टाइमपास असतो. कुणी सांगायला नको?"

शाळा उघडली त्या दिवशी ताईने मला पिशवीत घालून नेलं. कशाला, ते तिलाच माहीत. सभागृहाची भिंत पांढरीच राहिली. बाई पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत, उजवा हात मांडीवर नीट ठेवून बसल्या होत्या. मुख्याध्यापिका कासावीस झाल्या होत्या. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी बाईंना फुलं दिली आणि हात जोडून भाषण केलं, तोंडाने. पोरं चुळबुळत भिंतीकडे बघत राहिली.

तिथून आम्ही बाईंकडे गेलो. तेच मेणकापड, तीच खिडकी. ताईने मला टेबलावर ठेवलं आणि माफी मागायला हात उचलले, पण ते अर्ध्यातच खाली आले. मग तिने चार्जर लावला आणि बटण दाबलं. बाईंनी डावा हात माझ्या अंगावर ठेवला. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी हात उचलला आणि खूण केली, 'चालू आहे.'

माझा दुसरा काही उपयोग उरला नाही, तेव्हा एक मागणं मागतो. बंद पडलेलं काही तुमच्यापुढे आलं, तर आपल्या कानांवर फार भिस्त ठेवू नका. हात लावून बघा. आणि आत काही महत्त्वाचं आहे का, असं विचारायचं झालं, तर ज्याचं आहे त्याच्याकडे तोंड करून विचारा. एवढं केलंत तरी खूप झालं.

आता शिंप्याचं सांगतो. माझ्या काळ्या पडद्यात दोघींची प्रतिबिंबं पडली होती. बाई त्याकडे बघत राहिल्या, मग डाव्या हाताचा त्यांनी चंद्र केला आणि थांबल्या. ताई खुर्ची ओढून त्यांना चिकटून बसली आणि आपला उजवा हात तिथे आणला, जिथे बाईंचा असायला हवा होता. सुई चालायला लागली. बाईंचा चंद्र उसवत होता, ताईची सुई शिवत होती, दोघी आरशात बघावं तशा माझ्यात बघत होत्या. दोरा संपला तशी ताई अडली. पुढचं तिला धड आठवत नव्हतं. बाईंनी चंद्र तसाच सोडला आणि ताईच्या बाहीचा काठ चिमटीत धरून ओढला. शिंपी स्वतःचा सदरा उसवायला लागला. एकेक दोरा निघाला, एकेक टाका पडला, चंद्र पुरा झाला तेव्हा शिंप्याच्या अंगावर काही उरलं नव्हतं.

पूर्वी बाईंनी ही गोष्ट मला तीन वेळा भरून दिली होती. इतकी चांगली एकदाही झाली नव्हती. माझा कॅमेरा त्यांच्या हातांच्या बरोबर समोर होता आणि त्याच्या मागे काही नव्हतं. ताईचा फोन पिशवीत होता. तो काढायला तिचा एक हात मोकळा होता, पण तो तिने माझ्या अंगावर ठेवला होता, मी चालू आहे का ते बघायला.

मी चालू होतो.